कोण कुणाला हाक मारतं

मे महिना, सावदा, रात्रीचे साडेअकरा.
फ्रूटसेलच्या मागच्या खोलीत
कूलरमध्ये पाणी कमी, आवाज जास्त.
सोळा दिवस झाले,
वजनकाट्याच्या पावत्या भुसावळच्या मशीनवर पोचलेल्या नाहीत.
सोळा दिवसांचे ट्रक, सोळा दिवसांची केळी
फक्त इथे, या एका डबड्यात,
ज्याच्या पंख्यातली धूळ मी आत्ताच
जुन्या दाढीच्या ब्रशने काढली.

नाशिकचा पोरगा फायरवॉल बसवून गेला होता.
'सगळं बंद केलंय मॅडम, मुंगीसुद्धा यायची नाही.'
नाहीच आली.
बॅकअपही गेला नाही.

आता फोनवर म्हणतो, कोणते पोर्ट लागतात सांगा,
किंवा पासवर्ड घ्या, तुम्हीच उघडा.
जशा काही मेथीच्या जुड्या,
दोन या, एक ती.
सॉफ्टवेअरच्या पुस्तकात एका पानावर तीन आकडे,
पुढच्या पानावर पाच,
आणि तळाशी बारीक अक्षरात :
गरज भासल्यास अडीच हजार ते तेहेतीसशे.
आठशे दारं!
आमच्या अख्ख्या गल्लीला मागची-पुढची धरून
साठ असतील.

पुस्तक मिटलं. लॉग उघडला.
बॅकअप हाताने सुरू करायचा
आणि बघत बसायचं, कोण कुठे थडकतं.

भुसावळहून हाक आली, ९१०२ वर.
उत्तर नाही.
नकारही नाही, नुसती वेळ संपली.
मी ९१०२ उघडला.
पुन्हा हाक. या वेळी ताबडतोब : नकार.
आणि मला चक्क बरं वाटलं.
नकार येतो म्हणजे रस्ता आहे,
रस्त्याच्या टोकाला घर आहे,
घरात कुणी उठलेलं नाही, एवढंच.
(एजंट बंद पडला होता. चालू केला.)

सुरतेला माझा भाऊ आहे.
त्याचा फोन वाजत राहतो आणि थांबतो.
एकदा कापला असता तरी चाललं असतं.

मग बॅकअप एक टक्क्यावर जाऊन बसला.
बारा चाळीस. एक टक्का.
एक दहा. एक टक्का.
हाक ऐकू येते, उत्तर जातं, केळी मात्र हलत नाहीत.
आठशे दारांवर माझं बोट जवळजवळ पडलंच होतं,
तेवढ्यात सुपडूअण्णा चहाचा थर्मास घेऊन आले.
फाटकावर वीस वर्षं. विचारलं, काय अडलं.
सांगितलं जमेल तसं.
ते म्हणाले,
'ताई, रिकामी गाडी आत येते तव्हा येक चिठ्ठी,
भरून भायेर जाते तव्हा दुसरी.
फाटक येकच. पन मी दोनदा उठतो.'

दोनदा.
मी लॉग उलट्या बाजूने लावला,
बाहेर जाणाऱ्यांचा.
आणि तिथे रांगच होती,
ओळीवर ओळ, ९१०३, ९१०३, ९१०३,
सावद्याहून भुसावळला,
आमच्याच दाराने आतून अडवलेली.
हाक मारतं भुसावळ.
माल घेऊन निघावं लागतं आपल्याला.
हे पुस्तकात होतं, एका बाणात,
आणि बाणाचं टोक छापताना पुसट झालेलं.

दोन पोर्ट. एक आत, एक बाहेर,
तेही फक्त त्या एका पत्त्यासाठी.
बाकी सातशे अठ्ठ्याण्णव की काय ते
झोपू देत.

पहाटे साडेचारला शंभर टक्के.
विश्वास नाही ठेवला.
भुसावळहून एक पावती परत मागवली, कुठलीही :
अकरा मे, काशिनाथ डोंगर सरोदे,
भरलेली गाडी पंचवीस टन चारशे दहा,
रिकामी नऊ टन नव्वद.
वजाबाकी कागदावर करून पाहिली.
सोळा टन तीनशे वीस. बरोबर.

बाहेर सुपडूअण्णा फाटक ढकलत होते,
दिवसाची पहिली रिकामी गाडी आत येत होती.
रजिस्टरात त्यांनी वेळ लिहिली
आणि 'आली' च्या शेजारचा रकाना,
'गेली' चा,
कोरा ठेवून पेन कानाला लावला.